वाटीभर मलम

माझ्या सासूबाई खोटं बोलतात, हे मला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं. शेजारणीने आणून दिलेली गुळचट आमटी "काय सुरेख झालीय" म्हणून वाखाणायची आणि दार लागलं की मोरीत ओतायची, हा त्यांचा स्वभाव. मी संख्याशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई, असल्या स्वभावाकडे वरूनच पाहायचे. याच स्वभावापायी माझं अठरा महिन्यांचं काम मातीत जाईल आणि दोन लाख मुलांच्या कातडीचा प्रश्न उभा राहील, असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर मी हसले असते.

आधी टिकलीबद्दल सांगते. आपल्या त्वचेचा सगळ्यांत वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. मेलेल्या पेशी या विटा, आणि त्यांच्या फटींत भरलेली स्निग्ध द्रव्यं हा चुना. काही मुलांच्या अंगात हा चुना जन्मतःच कमी असतो. मग फटींतून आतलं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरतात. शरीराची संरक्षण यंत्रणा खवळते, कातडी लाल होते, खाज सुटते. मूल खाजवतं आणि भिंतीच्या आणखी चार विटा पाडतं. याला आपण इसब म्हणतो. ते उसळू नये म्हणून करायचं ते इतकंच, की भिंत धड असतानाच तिच्यावरून रोज दोनदा मलमाचा हात फिरवायचा. फटी बुजतात, पाणी आत राहतं. काहीच झालेलं नसताना रोज करायचं हे काम इतकं कंटाळवाणं आहे की शहाणीसुरती माणसंही महिन्याभरात ते सोडून देतात.

टिकलीचा जन्म या कंटाळ्यातून झाला. तिचं खरं नाव लांबलचक होतं, पण ती कपाळावरच्या टिकलीएवढी असल्यामुळे बायकांनी तिला टिकलीच म्हटलं. गुडघ्यामागच्या घडीत ती चिकटवायची. त्वचेतून तासाला किती वाफ निघते, उष्णता किती, आम्लता किती, हे ती मोजत राहते, आणि पुढच्या चाळीस तासांत इसब उसळणार असेल तर पिवळी होते. खरोखर होते. त्या यंत्रात लबाडी काही नव्हती, लबाडी सगळी माणसांत होती.

आमच्या स्निग्धा कंपनीचे संशोधनप्रमुख डॉ. निगुडकर. सभेत बोलताना ते दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून छताकडे पाहत, तिथे कोणी त्यांचं चित्र काढत बसलं असावं अशा थाटात. एका सभेत त्यांनी छताला विचारलं, "इसब कधी येणार हे चाळीस तास आधी कळतंय, तर रोज मलम फासायचं कशाला? पिवळं झालं की लावा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

मग नाशिकमध्ये प्रयोग झाला. इसब असलेली सहाशे बारा मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. पहिला गट रोजवाल्यांचा. त्यांना महिन्याला अर्धा किलो मलमाची उघडी बरणी. दुसरा गट सूचनेवाल्यांचा. त्यांना कुलपाची बाटली, म्हणजे टिकली पिवळी झाली की तिचं तोंड उघडायचं आणि दोन दिवसांनी आपोआप बंद व्हायचं. माझी मुलगी रेणू तेव्हा नऊ महिन्यांची होती, तिला इसब होतं आणि तीही प्रयोगात होती. ते नियमात बसत होतं, मी रीतसर विचारून घेतलं होतं. तिची चिठ्ठी सूचनेवाल्यांत निघाली. नवरा दुबईला नोकरीला, मी कामात, तेव्हा दर महिन्याला तिला तपासणीला आणायचं काम सासूबाईंकडे आलं.

सासूबाईच काय, सगळीकडून आज्याच येत. केंद्राच्या व्हरांड्यात तीस-चाळीस आज्या मांड्यांवर नातवंडं घेऊन बसायच्या आणि पिशव्यांतून डबे निघायचे. एकीचा डबा दुसरीकडे, दुसरीची वाटी तिसरीकडे. मी काचेआडून पाहायचे आणि मला चीड यायची. हे संशोधन केंद्र आहे की हळदीकुंकू, असं मी एकदा परिचारिकेला ऐकू जाईल असं बोललेसुद्धा.

दर खेपेला सूचनेवाल्यांना एक प्रश्न विचारायचा होता. टिकली पिवळी नसताना मुलाला मलम लावलंत का? होय की नाही. बाटलीला कुलूप असताना हा प्रश्न माझ्या मते उपचारापुरता होता. तरी शिस्त हवी म्हणून मी एक नियम घातला होता. दोनदा "होय" आलं की ते कुटुंब प्रयोगातून बाद, टिकली परत, आणि प्रयोगासाठी बालत्वचा विमा योजनेने देऊ केलेले पुढच्या पाच वर्षांचे फुकट उपचारही बंद. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी इंदुबाई शेवाळे नावाच्या आजीने दुसऱ्यांदा "होय" म्हटलं. मी स्वतः व्हरांड्यात गेले. नातवाच्या गुडघ्यामागची टिकली सगळ्यांच्या देखत काढून घेतली आणि चढ्या आवाजात म्हणाले, "विज्ञान म्हणजे घरचं लोणचं नाही, कुणी काहीही घालायला." मलम आणलं कुठून, हे मी विचारलंसुद्धा नाही. इंदुबाईंनी नातवाला चड्डी घातली आणि पिशवी उचलून त्या चालत्या झाल्या. आपण फार नेटकं वाक्य बोललो असं मला तेव्हा वाटलं होतं.

अठरा महिन्यांनी निकाल आला. दोन्ही गटांत इसब उसळण्याचं प्रमाण सारखं. रोज मलम लावा की पिवळं झाल्यावर लावा, फरक शून्य. निकालाचा प्रबंध छापून आला, त्यावर पहिलं नाव माझं होतं. निगुडकरांनी छताकडे पाहत माझं कौतुक केलं, मला शाल मिळाली, आणि बालत्वचा विमा योजनेने दोन लाख मुलांच्या उघड्या बरण्या बंद करून घरोघर कुलपाच्या बाटल्या पाठवल्या. बाहेरचं मलम लावलं तर टिकलीचं मोजमाप बिघडतं, म्हणून त्यालाही मनाई झाली. आईबापांची तक्रार नव्हतीच. रोजची एक कटकट गेली आणि तीही शास्त्राच्या आधाराने, यापेक्षा माणसाला काय हवं असतं?

नोव्हेंबरात सासूबाई माझ्या नणंदेच्या बाळंतपणासाठी दोन महिने सटाण्याला गेल्या. त्या वर्षी थंडी कोरडी आणि कडक पडली. दहाव्या दिवशी रेणूची टिकली पिवळी झाली. बाटली उघडली, मी मलम लावलं, इसब दबलं, बाटली मिटली. चार दिवसांनी पुन्हा पिवळी, मग तीन दिवसांनी. महिनाअखेर गुडघ्यांमागे आणि कोपरांत कातडी सोलवटली, त्यातून पाणी येऊ लागलं. ती खाजवू नये म्हणून मी तिच्या हातांना मोजे बांधले, तर ती दातांनी मोजे ओढून कोपर पलंगाच्या कडेवर घासायची. अडीच वर्षांचं पोर ते. दिवसभर किरकिर करून थकायचं आणि जेवताजेवता झोपायचं.

मी काय केलं असेल? मी टिकलीचं गणित तपासत बसले. तीन दिवस आकडेमोड केली आणि टिकली अचूक आहे, असा निष्कर्ष काढला. ती अचूकच होती. भिंत पडणार असं ती दर वेळी वेळेवर सांगत होती आणि मी दर वेळी दोन दिवस चुना लावून पुढे भिंत वाऱ्यावर सोडत होते. फटी नीट बुजायला सलग काही आठवडे मलम लागतं. ते त्वचाशास्त्राच्या कुठल्याही पहिल्या धड्यात असतं, पण माझ्या प्रबंधाने तो धडा खोडला होता आणि माझा प्रबंधावर विश्वास होता.

रेणू आणखी एक गोष्ट करायची. आंघोळ झाली की टॉवेलवर आपणहून पालथी पडायची, तंगड्या वर करायची आणि वाट पाहायची. मी तिला उचलून कपडे घातले की भोकाड पसरायची. मला वाटायचं, हट्ट करतेय.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला.

"रेणू कशी आहे गं?"

"खाजवतेय. टिकली पिवळी झाली की मलम लावते, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच."

"आणि मधल्या दिवसांत?"

"मधल्या दिवसांत बाटलीला कुलूप असतं, आई. तुम्हाला माहितीये."

त्या म्हणाल्या, "मी उद्या सकाळच्या गाडीने येते."

"आणि बाळंतीण?"

"बाळंतिणीला नवरा आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. हातपाय धुतले, रेणूला मांडीवर उताणी-पालथी करून पाहिलं, आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि फडताळाच्या वरच्या फळीवरून, साबुदाण्याच्या डब्यामागून एक स्टीलचा डबा काढला. आत तळाशी चार बोटं पांढरं मलम होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मलम. तुमचंच, रोजवाल्यांचं. बरण्या बंद व्हायच्या आधी साठवलेलं."

"तुम्ही हिला मलम लावत होतात?"

"पहिल्यापासून. तू कामाला गेलीस की आंघोळीनंतर एकदा, आणि संध्याकाळी तू यायच्या आत एकदा."

रेणू डबा बघून जमिनीवर पालथी पडली होती आणि तंगड्या वर करून वाट पाहत होती. सासूबाई खाली बसल्या आणि तिच्या पायांना मलम लावू लागल्या, सावकाश, खालून वर, कातडी न रगडता. मी उभीच होते.

"आलं कुठून हे? रोजवाल्यांचं मलम तुमच्याकडे आलं कसं?"

"त्यांना अर्धा अर्धा किलो मिळायचं. आमच्या हातात ती कुलपाची बाटली. मग त्या बिचाऱ्या वाटीत घालून द्यायच्या. तुला मिळतं तर मला दे थोडं, इतकंच. आता वाटी काही रिकामी परत देता येत नाही. मी शेंगदाण्याची चटणी द्यायचे, कोणी कुरडया द्यायचं."

"किती जणी हे करत होत्या?"

"मी काय मोजत बसले होते का? मोजायचं काम तुझं."

तिथे, ओट्याला टेकून उभी असताना, मला सगळं गणित कळलं. रोजवाल्यांच्या बरणीतलं निम्मं मलम वाटून जात होतं, म्हणजे त्यांना कमी पडत होतं. सूचनेवाल्यांना चोरून रोज मिळत होतं. दोन गटांत फरक असणार कुठून? मी अठरा महिने एकाच गटाची त्याच गटाशी तुलना केली होती आणि फरक नाही म्हणून शाल घेतली होती.

"मला सांगितलं का नाहीत?" माझा आवाज चढला होता. "एकदा तरी सांगायचं. दोन लाख मुलं आहेत, आई, त्या कुलपावर."

सासूबाईंनी रेणूचा दुसरा पाय हातात घेतला. "सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

मी काय केलं असतं ते आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. रेणूची टिकली काढली असती आणि वर एक वाक्य ऐकवलं असतं.

वाचणाऱ्यांना इथे वाटत असेल की माझं मन आता सासूबाईंविषयी भरून आलं. अजिबात नाही. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्यातला थोडा आजही आहे. त्यांनी केलं ते बरोबर होतं आणि लपवलं ते चूक होतं. पोरीची कातडी राखली आणि कारण गिळून बसल्या, त्यामुळे बाकीच्यांच्या पोरांची गेली.

पण एका सासूच्या शब्दावर प्रबंध मागे घेता येत नाही. त्यांच्या फोनवर व्हरांड्यातल्या आज्यांचा गट होता, एकशे चाळीस जणींचा. मी म्हटलं, बोलवा. रविवारी सकाळी अकरा जणी आमच्या घरी आल्या, सगळ्या सूचनेवाल्या. रेणूचे पाय बघून हळहळल्या आणि सोफ्यावर, सतरंजीवर बसल्या. मी वही घेऊन समोर बसले आणि शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "खरं सांगा, तुम्ही मुलांना रोज मलम लावत होतात का?"

"नाही हो, मॅडम. आम्ही कशाला लावू?"

"तुम्ही सांगेल नव्हतं, मग कशाला लावायचं?"

"आमच्याकडनं कधी लावेल नाही."

अकराही जणींनी माझ्या डोळ्यांत बघून, हसतमुखाने नाही म्हटलं. त्यातली एक तर गळ्याला हात लावून शपथ घेणार होती, तिला सासूबाईंनी थांबवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू जरा चहा टाक."

मी आत गेले. आधण ठेवलं आणि दाराआड उभी राहिले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

बाहेर सासूबाई म्हणाल्या, "आता सांगा. पोरीचे पाय बघितले ना?"

एकीचा आवाज आला. "माझ्याकडे दोन वाट्या यायच्या महिन्याला. तांबे आजींकडनं."

"मी तर बरणीच अर्धी करून घ्यायचे."

"कुलूप लागल्यापासून माझ्या नातवाची मान सगळी फुटेल आहे. सून म्हणते, शास्त्रात लावू नको सांगितलंय."

"मग मॅडमला का नाही सांगत?" सासूबाईंनी विचारलं.

"हिला? त्या इंदुबाईचं काय केलं बघितलं ना? तिचा नातू आता खासगी डॉक्टरकडे जातो."

हिला. माझ्याच घरात, माझ्याच सतरंजीवर. मी मोजत गेले. अकरांतल्या नऊ जणी लावत होत्या. चहा उतू गेला.

सोमवारी मी निगुडकरांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. त्यांनी बोटं गुंतवली.

"मृण्मयी, आज्यांच्या गप्पा हा पुरावा नसतो."

"सर, माझ्या मुलीचे पाय पुरावा आहेत."

"एक मूल म्हणजे एक आकडा. हे तूच आम्हाला शिकवतेस." ते छताकडे पाहून हसले. "आणि समज, खरं असलं, तरी त्या कुटुंबांनी करार मोडलाय. योजना त्यांना बाहेर काढेल. तुझ्या मुलीलाही. तुला हेच हवंय का?"

या माणसाला मी सहा वर्षं सर म्हणत होते. मी त्यांचा फारसा राग केला नाही, कारण ते जे बोलत होते ते मीच दोन वर्षांपूर्वी व्हरांड्यात बोलले होते, फक्त ते बसून बोलत होते.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात नव्हती. दर तपासणीला आम्ही प्रत्येक मुलाच्या कोपराशी एक चिकटपट्टी लावून काढायचो. तिच्यावर वरच्या थरातल्या पेशी निघून येतात. त्या पट्ट्या आमच्या शीतपेटीत पडून होत्या. मलमातला मेणचट भाग कातडीवर एक-दोन दिवस राहतो आणि मग घासून निघून जातो. ज्या मुलाची बाटली नोंदीप्रमाणे दहा-दहा दिवस उघडलीच नव्हती, त्याच्या पट्टीवर ते मेण सापडलं, तर ते आलं कुठून? यासाठी ना कुणाचं नाव लागत होतं, ना कुणाचा कबुलीजबाब. पट्ट्यांवर फक्त क्रमांक होते. प्रयोगाच्या संख्याशास्त्रज्ञाला फेरतपासणी मागण्याचा अधिकार असतो. मी त्याच दिवशी ती लेखी मागितली आणि अर्जाची प्रत विमा योजनेच्या समितीला पाठवली, म्हणजे ती कोणाला दाबता येऊ नये.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सूचनेवाल्यांच्या दर दहा पट्ट्यांतल्या सातांवर, बाटली बंद असलेल्या दिवसांत, रोजवाल्यांचं मलम होतं.

समितीने मला प्रबंध मागे घेण्याचा मसुदा तयार करायला सांगितलं. त्यात एक रकाना असतो, चूक का झाली याचा. निगुडकरांनी मला न विचारता तो भरून पाठवला होता. "सहभागी कुटुंबांनी हेतुपुरस्सर खोटी माहिती दिली." वाक्य खरं होतं. ते तसंच राहिलं तर प्रयोगातली कुटुंबं योजनेतून जाणार होती, कंपनी सुटणार होती, आणि मी तर बळी पडलेली बिचारी संशोधक ठरणार होते. नुसती सही करायची होती.

सही करण्याआधी मी सवयीने मूळ तक्ता उघडला. त्या एका प्रश्नाची उत्तरं, महिनावार. पहिल्या महिन्यात "होय" म्हणणारी त्रेचाळीस कुटुंबं. दुसऱ्या महिन्यात एक, इंदुबाईंचं. तिसऱ्या महिन्यात शून्य. त्यानंतर अखेरपर्यंत शून्य. मी हा तक्ता शंभरदा पाहिला होता. प्रबंधात त्यावर एक ओळही लिहिली होती, की शिस्तीचे नियम नीट समजावल्यामुळे सहभागींच्या वागण्यात सुधारणा झाली. मी लिहिली होती ती ओळ. सुधारणा. पहिल्या महिन्यात त्रेचाळीस बायका मला खरं सांगत होत्या. मी एकीची टिकली ओढून काढली आणि त्या दिवसापासून तीनशे घरांत मला एकानेही खरं सांगितलं नाही. कोणी एका खोलीत तीनशे माणसांना दटावून गप्प बसवावं आणि मग लिहावं की खोलीत शांतता आढळली, असलं माझं शास्त्र.

मी निगुडकरांचं वाक्य खोडलं आणि लिहिलं, की खरं उत्तर देणाऱ्याला शिक्षा होईल असा नियम प्रश्नावलीत होता, त्यामुळे उत्तरं निरुपयोगी ठरली. नियम घालणारी व्यक्ती प्रस्तुत लेखिका. कुटुंबांकडून कोणताही करारभंग गृहीत धरू नये. खाली सही केली.

निगुडकर त्या दिवशी पहिल्यांदा छताकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले. जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. मला महिन्याच्या आत बाहेर काढलं. शाल अर्थातच परत मागितली नाही, ती रेणूच्या पलंगावर पडलेली असते. फेब्रुवारीत योजनेने बाटल्यांची कुलपं काढली आणि उघड्या बरण्या परत सुरू केल्या. त्यासोबत एक चिठ्ठी आली, की टिकली पिवळी असो वा नसो, मलम रोज दोनदा लावावं. मला कळतं की निम्मे आईबाप ती चिठ्ठी वाचून उसासा टाकतील आणि चार दिवसांत कंटाळतील. त्यांचं काय करायचं ते मला आता ठरवायचं नाही. इंदुबाईंच्या नातवाला योजनेत परत घ्या, असं पत्र मी समितीला लिहिलं. ते मंजूर झालं. तसं कळवायला मी त्यांच्या घरी गेले, तर त्यांनी दारातूनच "बरं" म्हटलं आणि दार लावलं. त्यांचं काही चुकलं नाही.

रेणूची कातडी मार्चपर्यंत भरून आली. आता मी घरीच असते, त्यामुळे सकाळचं मलम मी लावते आणि संध्याकाळचं सासूबाई. मी एक वही केली आहे. मलम किती, कधी, कोणी लावलं, एवढंच. नोकरी गेली तरी खोड जात नाही.

परवा संध्याकाळी मी बाहेरून आले तर रेणू न्हाऊन-माखून खेळत होती आणि तिच्या पायांना वेगळाच वास येत होता. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी वही उघडली आणि विचारलं, "आई, हिला आज मलमाशिवाय आणखी काही लावलंत का?"

त्यांचा हात थांबला. उत्तर काय येणार हे मला पाठ होतं. तेच हसू, तेच "नाही गं, मी कशाला लावू". मी पेन टेकवलंसुद्धा होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "खोबरेल लावलं. गरम करून. कापूर घातला होता थोडा." आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "ओरड आता, काय ओरडायचं ते."

कापूर. भरत आलेल्या कातडीवर, तीन वर्षांच्या पोरीच्या. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. कापूर कातडीला काय करतो, तो लहान मुलांना का लावू नये, आणि इतकी साधी गोष्ट सात इयत्ता शिकलेल्या माणसालाही कशी कळायला हवी, सगळं एका दमात, नेटक्या वाक्यात.

मी ते गिळलं. गिळायला वेळ लागला. मग वहीत "होय" लिहिलं, पुढे "खोबरेल, कापूर" लिहिलं आणि त्यांच्या शेजारी मेथी निवडायला बसले.

"किती होता कापूर?" मी विचारलं.

"एक वडी," सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "दोन."